बारा तारा, ४१ मिलिमीटर

१९६४च्या फेब्रुवारीत बीटल्स न्यूयॉर्कला उतरले, तेव्हा रिकनबॅकर कंपनीचे मालक फ्रान्सिस हॉल यांनी जॉर्ज हॅरिसनसाठी बारा तारांची एक नवी कोरी इलेक्ट्रिक गिटार आणली होती. तिला खुंट्या बारा, पण डोकं मात्र सहा तारांच्या गिटारएवढंच. सहा खुंट्या नेहमीसारख्या कडेला होत्या आणि उरलेल्या सहा खाचा पाडून मागच्या बाजूला वळवल्या होत्या. डोक्याचा प्रश्न असा हुशारीने सुटला, नेकचा तसाच राहिला. नटपाशी, म्हणजे डोक्याखालच्या खाचांच्या पट्टीपाशी, त्याची रुंदी १ पूर्णांक ५/८ इंच, म्हणजे ४१.३ मिलिमीटर आहे. बारा तारांच्या अकूस्टिक गिटारला त्याच जागी साधारण ४७-४८ मिलिमीटर मिळतात.

तेव्हापासून या तुटपुंज्या जागेबद्दल वादकांची तक्रार चालू आहे. तक्रार खरी आहे. पण तिच्यावरचे जे उपाय तोंडोतोंडी फिरतात, त्यांतले बरेचसे दुखणं एकीकडे आणि लेप दुसरीकडे अशा जातीचे आहेत.

‘बोटं जाड असतील, तर या नेकच्या वाटेला जाऊ नये.’

आधी हिशेब करू. ४१.३ पैकी दोन्ही कडांना ३-३ मिलिमीटर सोडले, तर ३५.३ उरतात. जोडीतल्या दोन तारांत २ मिलिमीटर अंतर धरलं, तर सहा जोड्यांत १२ गेले. राहिलेले २३.३ जोड्यांमधल्या पाच फटींत वाटले, की एका फटीला जेमतेम ४.७ येतात. ४७.६ मिलिमीटरच्या अकूस्टिकवर हाच हिशेब ५.९ देतो. म्हणजे बोट ज्या फटीत अडखळतं, तिथे तूट सव्वा मिलिमीटरची आहे.

आता कडांना अडीच सोडा आणि जोडीतलं अंतर १.८ करा. फट ५.१ होते. नेकला हातही न लावता, फक्त नट नव्याने कापून, तुटीचा तिसरा हिस्सा भरून निघाला. एवढंच करूनही पूर्वी शेजारची तार दाबून टाकणारं बोट मोकळं उभं राहतं. शिवाय जाड बोटाचा इथे एक फायदा आहे, तो कुणी सांगत नाही. जोडीतल्या दोन्ही तारा एकदम आणि सारख्या दाबायच्या असतात, आणि ते काम रुंद टोकाला सोपं जातं. निमुळत्या बोटाखालून एखादी तार बाजूला निसटते.

कापताना हात राखूनच कापावं लागतं. जोडीतल्या तारा फार जवळ आणल्या, तर छेडल्यावर त्या एकमेकींवर आपटतात. सर्वांत मोठा हेलकावा खर्जाच्या जोडीचा, म्हणून तिला किंचित जास्त जागा लागते. कडेला फारच कमी ठेवलं, तर पहिली ई तार ओढताना फ्रेटच्या उतारावरून खाली घसरते. शिवाय अंतर मोजायचं ते तारांच्या मध्यापासून मध्यापर्यंत नव्हे, कडेपासून कडेपर्यंत. जाड तारेशेजारी बारीक तार असताना मध्य मोजून कापलेला नट डोळ्यांना नीटस दिसतो आणि बोटांना खटकतो. आणखी एक गोष्ट कारागिराला आधीच सांगायला हवी. बहुतेक बारा तारांच्या गिटारवर वरून खाली छेडताना जोडीतली बारीक तार आधी लागते, रिकनबॅकरवर जाड तार आधी लागते. तिच्या नादाचा भरीवपणा बराचसा यातून येतो. खाचा जाडीनुसार कापलेल्या असतात, त्यामुळे नंतर मन बदललं तर नुसत्या तारांची अदलाबदल करून भागत नाही.

‘ब्रिज खाली घेतला, की गिटार मऊ होते.’

होते, पण बाराव्या फ्रेटपाशी. नवशिक्याचा हात दुखतो तो पहिल्या तीन फ्रेटांवर, आणि तिथली उंची प्रामुख्याने नट ठरवतो. ओळखायची युक्ती सोपी आहे. पहिल्या फ्रेटवर कॅपो, म्हणजे सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा, लावा आणि नेहमीच्याच कॉर्डच्या आकृत्या धरून पाहा. हात एकदम हलका झाला, तर दोष नटच्या उंचीचा. दुसरी तपासणी अशी: तार दुसऱ्या आणि तिसऱ्या फ्रेटच्या मध्ये दाबून धरा आणि पहिल्या फ्रेटवर किती फट उरते ते बघा. केसाएवढी असावी. त्यात पोस्टकार्ड आरामात सरकत असेल, तर कानशीचं काम बाकी आहे.

बारा तारांत इथे एक पेच आहे, त्यावर कारागिरांची दोन मतं आहेत. खालच्या चार जोड्यांत एक तार जाड आणि दुसरी तिच्या वरच्या सप्तकातली बारीक. दोघींचे तळ एका पातळीवर ठेवले, तर जाड तारेचा माथा उंच राहतो. बोट तिच्यावरच टेकतं आणि बारीक तार अर्धवट दाबली जाऊन झणझणते. माथे जुळवले, तर बारीक तार फ्रेटपासून उगाच उंच राहते. जोरात दाबली की तिचा सूर चढतो, कारण बारीक तार थोड्या ताणानेही बेसूर होते. मला मधला मार्ग पटतो. बारीक तार अगदी थोडी उचलावी, उरलेला फरक बोटाचं मांस सांभाळून घेतं. एका कलमाने सगळ्या खाचा सारख्या खोल कापणाऱ्या कारागिराकडे मात्र ही गिटार देऊ नये. खाच गरजेपेक्षा खोल गेली, की मोकळी तार पहिल्या फ्रेटवर घासून वाजते, आणि त्यावर खरा इलाज नवा नट हाच.

‘बारीक तारा लावा, प्रश्न मिटला.’

अर्धं खरं. त्याच सुराला बारीक तार सैल असते, म्हणून दाबायला हलकी लागते. पण सैल तारेचा झोका मोठा. रुंद नेकवर हे खपून जातं, ४१ मिलिमीटरमध्ये मात्र जोडीतल्या तारा एकमेकींना भिडतात. वर एकूण ओढ कमी झाल्याने नेक मागे सरळ होतो, म्हणून आतला रॉड पुन्हा जुळवावा लागतो. जुन्या रिकनबॅकरमध्ये असे दोन रॉड असतात. तिथे नेक हाताने हव्या त्या बाकात धरायचा आणि मगच रॉड आवळायचा. रॉडच्या जोरावर नेक वाकवायला गेलं, तर फ्रेटबोर्डच उचलला जाण्याची भीती असते.

त्यापेक्षा जुना आणि बिनखर्चाचा उपाय म्हणजे सूर उतरवणं. तारेची ओढ कंपनसंख्येच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. अर्धा स्वर उतरवला की ती सुमारे ११ टक्क्यांनी कमी होते, पूर्ण स्वर उतरवला की २० टक्क्यांहून थोडी जास्तच. लेड बेली आपली बारा तारांची स्टेला गिटार याहूनही पुष्कळ खाली लावायचा. पूर्ण स्वर उतरवून दुसऱ्या फ्रेटवर कॅपो लावला, तर सूर मूळ जागी येतो, नटच्या उंचीचा प्रश्न उरत नाही आणि नेक तिथे जरासा रुंदही असतो. ‘मग गिटार खरी वाजवली कुठे?’ असं नाक मुरडणारे भेटतात, त्यांना खुशाल मुरडू द्यावं. सैल तारेच्या झोक्याची अडचण इथेही आहेच. पण रिकनबॅकरची तार २४ पूर्णांक ३/४ इंच लांबीची, म्हणजे मुळातच आखूड आणि मऊ, त्यामुळे तिला बहुधा अर्धा स्वरच पुरतो.

‘नेक मागून तासून घ्यावा.’

तासल्याने जाडी कमी होते, रुंदी तीच राहते. आणि वर रोगणही जातं.

‘तारा कमी केल्या, तर ती बारा तारांची गिटार राहत नाही.’

नावापुरती नाही राहत, हे कबूल. पण कोणत्या तारेने किती काम होतं ते ऐकून तर बघा. ‘जी’ सुराच्या जोडीतली वरच्या सप्तकाची तार बहुतेक सेटांत ०.००८ किंवा ०.००९ इंचाची असते. सबंध गिटारवर सर्वांत उंच सूर तिचाच, पहिल्या ई तारेच्याही वर. तुटते तीच, आणि त्या गिटारची ओळखीची किणकिण मुख्यतः तीच देते. हॅरिसनची गिटार पडद्यावर पाहून रॉजर मॅकगिनने तशीच घेतली आणि ‘द बर्ड्‌स’चा नाद तिच्यावर उभा केला. पुढे मार्टिन कंपनीने त्याच्या नावाने सात तारांची गिटार काढली. तिच्यात दुहेरी तार एकच, ती जीची. त्यामुळे फटी मोकळ्या करायच्या असतील, तर आधी खर्जाच्या ई आणि ए जोड्यांतल्या बारीक तारा काढून दहा तारांवर वाजवून पाहावं. जीला हात लावू नये. बिग जो विल्यम्स तर वर्षानुवर्षं नऊ तारांच्या गिटारवर ब्लूज वाजवत आला.

‘रुंद नेकची घेतली असती, तर हे सगळं वाचलं असतं.’

रिकनबॅकरने स्वतःच पुढे ६६०/१२ हे मॉडेल काढलं, त्याचा नट ४४.५ मिलिमीटरचा आहे. सुटं, एकेक तार छेडून वाजवणाऱ्याला ते नक्की सोयीचं. पण ज्याचा अंगठा वरून वळून खर्जाची तार दाबतो, ज्याचा पंजा लहान आहे किंवा ज्याच्या वादनात बार कॉर्ड जास्त आहेत, त्याला अरुंद नेकच जवळचा वाटतो. बार कॉर्डला बोटाची जितकी लांबी कमी झाकावी लागेल तितकं बरं, आणि तिथे जोड्यांमधल्या फटींचा प्रश्नच येत नाही. विकत घेण्याआधी दोन्ही हातात घेऊन एफची कॉर्ड धरून पाहावी. दुकानदार काय म्हणतो ते नंतर ऐकावं.

राहिली गोष्ट हवेची, आणि तिच्याकडे मुंबई-कोकणातल्या वादकाला डोळेझाक करता येत नाही. जुलैत लाकूड ओल धरतं. अकूस्टिकचं पोट फुगून ब्रिज वर येतो आणि तारा फ्रेटपासून उंच जातात. एप्रिलात नागपूर-अकोल्याच्या कोरड्या हवेत नेमकं उलट होतं. त्यामुळे ऐन पावसात गिटार कडक लागली म्हणून नट कापून घेऊ नये. कापलेला नट ऑक्टोबरात परत वाढत नाही. पावसाळ्यात सिलिका जेल घालून बंद पेटीत ठेवावी, ब्रिज आणि रॉड तात्पुरते जुळवून घ्यावेत. नटचं काम करून घ्यायचं, तर दिवाळीनंतर.