हंटरवाली कोणाची, स्पायडर-मॅन कोणाचा?

तोंडावर मुखवटा, हातात चाबूक, घोड्यावर पक्की मांड आणि मनात गोरगरिबांची कणव असलेली एक बाई १९३५ साली मुंबईच्या पडद्यावर आली. सुपरमॅनचा जन्म व्हायला तेव्हा तीन वर्षे बाकी होती, बॅटमॅनचा व्हायला चार. इंद्रजाल कॉमिक्समुळे मराठी घरांत ‘वेताळ’ या नावाने शिरलेला फँटमसुद्धा तिच्यानंतर वर्षभराने, १९३६ मध्ये अवतरला. ती बाई म्हणजे ‘हंटरवाली’. सुपरहिरोंचा इतिहास सांगताना तिचे नाव सहसा कोणी घेत नाही, याची मला मनापासून खंत वाटते. ती नुसती आधी आली एवढेच नाही. आज हॉलिवूडच्या बलाढ्य कंपन्या ज्या प्रश्नावरून एकमेकींशी झुंजतात, तो प्रश्नही तिच्या घरात आधीच उभा राहिला होता. लोकांच्या मनात घर केलेले पात्र नेमके कोणाचे?

हंटरवाली उभी केली ती वाडिया बंधूंनी. थोरले जमशेद, म्हणजे जे. बी. एच. वाडिया, १९०१ सालचे. धाकटे होमी १९११ सालचे. सुरतेहून १७३६ च्या सुमारास मुंबईत येऊन जहाजबांधणीचा वारसा सुरू करणाऱ्या लवजी नसरवानजी वाडिया यांचे हे वंशज. याच घराण्याने मुंबईच्या गोदीत १८१७ साली बांधलेले ‘ट्रिंकोमाली’ हे सागवानी जहाज इंग्लंडमधल्या हार्टलपूल बंदरात आजही पाण्यावर उभे आहे. भावांनी १९३३ साली ‘वाडिया मूव्हीटोन’ ही चित्रसंस्था काढली, तेव्हा तिच्या बोधचिन्हावर जहाज आले ते या घराण्याच्या अभिमानातून. परळच्या लवजी कॅसल या वडिलोपार्जित वास्तूत त्यांचा स्टुडिओ होता. जमशेद कायदा शिकलेले आणि वाचनवेडे. डग्लस फेअरबँक्सच्या तलवारबाजीच्या मूकपटांनी या भावांना झपाटून टाकले होते. मुखवटेधारी झोरोच्या धर्तीवर त्यांनी १९३१ मध्येच ‘दिलेर डाकू’ काढला होता. मग तोच मुखवटा बाईच्या चेहऱ्यावर चढवायचे ठरले, आणि सगळा खेळ बदलला.

ती बाई होती मेरी एव्हान्स. जन्म १९०८ चा, ऑस्ट्रेलियातल्या पर्थचा. वडील ब्रिटिश फौजेत असल्याने लहानपणीच हिंदुस्थानात आलेली. घोडेस्वारी शिकलेली, नाचात आणि सर्कशीत काम केलेली, निळ्या डोळ्यांची, सोनेरी केसांची आणि चांगल्या दणकट हाडापेराची. पडद्यावर ती ‘नादिया’ झाली. वाडियांनी आधी दोन चित्रपटांत तिला छोट्या भूमिका देऊन चाचपून पाहिले आणि मग ‘हंटरवाली’ तिच्या खांद्यावर टाकला. गोष्ट सरळ होती. कपटी वजीर राणामल राजाला कैद करतो आणि राजकन्या माधुरी मुखवटा चढवून, हंटर उचलून जुलमाशी दोन हात करते. चित्रपट मुंबईत पंचवीस आठवड्यांहून जास्त चालला. पुढच्याच वर्षी आलेल्या ‘मिस फ्रंटियर मेल’ मध्ये नादिया धावत्या आगगाडीच्या टपावर मारामारी करते, चांगल्या धिप्पाड गड्याला दोन्ही हातांनी डोक्यावर उचलते आणि भिरकावून देते. त्या जागी दुसरे कोणी नाही, ती स्वतः आहे. पाठीराखे म्हणून ‘पंजाब का बेटा’ हा घोडा, ‘गनबोट’ हा कुत्रा आणि ‘रोल्स रॉइस की बेटी’ अशा थाटाच्या नावाची मोटार, हा तिचा कायमचा गोतावळा. एक पात्र, तेच साथीदार आणि दरवेळी नवे संकट. ज्याला आज फ्रँचाइझी म्हणतात, ती याहून वेगळी काय असते?

आमचे अर्धापूर तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. मराठवाड्यातल्या अशा गावांकडे सिनेमा यायचा तो जत्रेच्या हंगामात, टुरिंग टॉकीजच्या तंबूतून. जमिनीवर बसलेल्या, अक्षरओळख नसलेल्या प्रेक्षकाला स्टंटपट कळायला भाषेची अडचण येत नसे. भाषेवाचून कळणाऱ्या अशा चित्रपटांना तंबूत कायम मागणी असे. शहरातले समीक्षक त्यांना नाके मुरडत, पण धंदा त्यांच्याच जिवावर चाले. म्हणूनच हे पात्र ज्याच्या हाती, त्याच्या हाती पैशाची पेटी.

आणि तरीही वाडियांना त्या पेटीचे कुलूप नीट लावता आले नाही. ‘हंटरवाली’ गाजताच तिच्या नावाचे चाबूक बाजारात आले. पाठोपाठ पट्टे, चपला, पिशव्या, काडेपेट्या आणि पत्त्यांचे कॅटसुद्धा विकले जाऊ लागले. वाडियांची परवानगी ना कोणी मागितली, ना त्यांना त्यातले काही मिळाले. इतर निर्मात्यांनी ‘चाबुकवाली’, ‘सायकलवाली’ अशा वाली-वाल्यांची रांगच लावली. नुसत्या शीर्षकावर कॉपीराइट लागत नाही. ही गोष्ट आजही खरी आहे, आणि म्हणूनच मुंबईतले निर्माते आपापल्या संघटनेकडे शीर्षके नोंदवून ठेवतात. हंटरवालीच्या वेळी पात्राची मालकी ही कल्पनाच धंद्यात रुजलेली नव्हती.

मग १९४२ साल उजाडले. जमशेदजींचा ओढा प्रतिष्ठेच्या चित्रपटांकडे वाढला होता. त्यांनी १९४१ मध्ये साधना बोस यांना घेऊन ‘राजनर्तकी’ हिंदी, बंगाली आणि इंग्रजी अशा तीन भाषांत काढला. तो महागडा ठरला. त्यातच महायुद्धामुळे कच्ची फिल्म मिळेना. होमींचा जीव मात्र स्टंटपटातच होता. दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या आणि होमींनी ‘बसंत पिक्चर्स’ ही स्वतःची संस्था काढली. आता हंटरवाली कोणाकडे जाणार? नाव वाडिया मूव्हीटोनने गाजवलेले, पहिला चित्रपट दोघा भावांच्या मेहनतीचा. पण नादिया होमींबरोबर गेली. आणि १९४३ मध्ये बसंतच्या झेंड्याखाली ‘हंटरवाली की बेटी’ प्रदर्शित झाला. बेटी जन्मली ती दुसऱ्या घरात! चित्रपट चालला आणि बसंतचे बस्तान बसले. माझ्या मते या सगळ्या इतिहासातली मोलाची जागा हीच आहे. मालकीहक्काचे कागद काहीही सांगोत, पात्र गेले ते ते पात्र जिवंत करणाऱ्या हातांच्या मागे. पुढे १९६१ साली नादिया आणि होमी यांचे लग्न झाले. नादिया १९९६ मध्ये गेल्या, होमी २००४ मध्ये.

१९४२ सालीच आणखी एक भागीदारी मोडत होती आणि तिचा धागा थेट याच स्टुडिओशी येऊन जुळला. कोल्हापुरात १९२९ साली सुरू होऊन १९३३ मध्ये पुण्याला गेलेली ‘प्रभात’ ही मराठी माणसाच्या अभिमानाची संस्था. ‘संत तुकाराम’ने तिचे नाव व्हेनिसपर्यंत नेले होते. तिचे एक संस्थापक व्ही. शांताराम १९४२ मध्ये भागीदारीतून बाहेर पडले आणि मुंबईला आले. वाडियांचा परळचा स्टुडिओ त्यांनी घेतला आणि तिथे वडील राजाराम आणि आई कमला यांच्या नावांवरून ‘राजकमल कलामंदिर’ उभे केले. जिथे नादियाचा हंटर कडाडत होता तिथेच १९४३ साली त्यांचा ‘शकुंतला’ तयार झाला. प्रभातची पुण्यातली वास्तू पुढे सरकारने घेतली आणि १९६० मध्ये तिथे चित्रपट प्रशिक्षण संस्था सुरू झाली. एकाच वर्षात दोन नामवंत संस्था दुभंगाव्यात आणि एकीच्या जागेत दुसरीतल्या माणसाने नवा संसार थाटावा, असा योग भारतीय सिनेमाच्या इतिहासात दुसरा मला तरी आठवत नाही.

आता सातासमुद्रापार जाऊ. आमच्याकडे सामायिक विहिरीवर पाण्याची पाळी लागते. विहीर खोदली एकाने, मोटर बसवली दुसऱ्याने, आणि केळीला पाणी दोघांनाही हवे असते. स्पायडर-मॅनचे अगदी तसेच झाले आहे. स्टॅन ली आणि स्टीव्ह डिटको यांनी १९६२ साली मार्व्हल कॉमिक्ससाठी हे पात्र घडवले. मार्व्हलने १९८५ मध्ये त्याच्या चित्रपटाचे हक्क कॅनन या कंपनीला अवघ्या सव्वादोन लाख डॉलरना देऊन टाकले. तिथून ते हक्क हातोहात फिरत राहिले, कज्जे झाले, पण चित्रपट काही निघाला नाही. डिसेंबर १९९६ मध्ये मार्व्हलने दिवाळखोरी जाहीर केली. सावरण्याच्या धडपडीत दशकाच्या अखेरीस कंपनीने चित्रपटाचे हक्क सोनीला दिले. पहिला चित्रपट २००२ मध्ये आला आणि त्याने पैशाचा पाऊस पाडला. पात्र मार्व्हलचे, पडदा सोनीचा, अशी ही वाटणी.

करारातले एक कलम फार महत्त्वाचे आहे. आधीचा चित्रपट प्रदर्शित झाल्यापासून पावणेचार वर्षांत पुढच्याचे चित्रीकरण सुरू व्हायला हवे आणि पावणेसहा वर्षांच्या आत तो पडद्यावर यायला हवा, नाहीतर हक्क मार्व्हलकडे परत. तिसरा चित्रपट २००७ चा. चौथा जुळेना, तेव्हा सोनीने नवा नट घेऊन २०१२ मध्ये गोष्ट पहिल्यापासून पुन्हा सांगितली. तोच तो कोळी पुन्हा का चावतो, असे प्रेक्षकांनी विचारले होते. त्याचे एक उत्तर या कलमात आहे.

दरम्यान डिस्नेने २००९ मध्ये सुमारे ४०० कोटी डॉलरना मार्व्हल विकत घेतली. मार्व्हलच्या बाकीच्या वीरांचे चित्रपट धडाधड चालू लागले, पण स्पायडर-मॅन त्यांच्यात दिसेना. फेब्रुवारी २०१५ मध्ये समेट झाला. पैसा सोनीचा, कसब मार्व्हलचे, आणि पोरगा दोन्ही घरी ये-जा करणार. मग २०१९ च्या ‘फार फ्रॉम होम’ने जगभरात ११० कोटी डॉलरहून जास्त कमाई केली, आणि डिस्नेने आपला वाटा वाढवून मागितला. सोनी नाही म्हणाली. ऑगस्टमध्ये बोलणी फिसकटल्याची बातमी आली आणि जगभरचे चाहते हळहळले. इथे पुन्हा नादियाची आठवण येते. नायक टॉम हॉलंड याने डिस्नेचे प्रमुख बॉब आयगर यांच्याशी फोनवर बोलून मन मोकळे केले, हे आयगर यांनी स्वतः पुढे मुलाखतीत सांगितले आहे. पुढच्याच महिन्यात, २७ सप्टेंबरला, नवा करार जाहीर झाला. बातम्यांनुसार खर्चाचा चौथा हिस्सा डिस्ने उचलणार आणि नफ्याचाही चौथा हिस्सा घेणार. दोन वर्षांनी आलेल्या ‘नो वे होम’मध्ये तीन काळांतले तीन स्पायडर-मॅन एकत्र उभे राहिले आणि कमाई १९० कोटी डॉलरच्या पुढे गेली.

आपल्याकडेही हा वाद आला. ‘मिस्टर इंडिया’ १९८७ चा. निर्माते बोनी कपूर, दिग्दर्शक शेखर कपूर, लेखन सलीम-जावेद यांचे. फेब्रुवारी २०२० मध्ये झी स्टुडिओज आणि अली अब्बास जफर यांनी त्याची तीन भागांची नवी मालिका जाहीर केली. शेखर कपूर यांनी उघडपणे सांगितले की आपल्याला कोणी विचारलेच नाही. अनिल कपूर यांनाही कळवले नव्हते, असे त्यांच्या कन्येने जाहीर केले. भावना बाजूला ठेवली तर १९५७ चा कॉपीराइट कायदा या भांडणात निर्मात्याच्या बाजूला झुकतो, कारण चित्रपटाचा कर्ता म्हणून तो निर्मात्यालाच ओळखतो. मला हे अपुरे वाटते. अदृश्य माणसाची ती लय, मोगँबोचा तो डोलारा दिग्दर्शकाशिवाय आणि लेखकांशिवाय घडला असता का? मुंबई उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये ‘दबंग’च्या चुलबुल पांडेच्या प्रकरणात निर्मात्याला मनाई हुकूम दिला नाही, पण वैशिष्ट्यपूर्ण पात्राला कॉपीराइटचे संरक्षण मिळू शकते हे तत्त्व मान्य केले. हंटरवालीच्या काळात एवढी ओळ कोणी लिहून दिली असती, तर बाजारातल्या त्या चाबकांचा हिशेब वाडियांना मागता आला असता.

स्पायडर-मॅनला २००४ मध्ये भारतीय रूपही मिळाले. मार्व्हलच्या परवान्याने शरद देवराजन, सुरेश सीतारामन आणि जीवन कांग यांनी धोतर नेसलेला पवित्र प्रभाकर घडवला. सोनीच्या २०२३ मधल्या अॅनिमेशनपटात तो पडद्यावर आला. तो चित्रपट भारतात दहा भाषांत लागला, त्यांत मराठीही होती. पात्राचे मूळ मार्व्हलचे, अवतार भारतीय कलावंतांचा, पडदा सोनीचा, आणि बोली आपली.

या मालकीला मुदत असते. आपल्या कायद्यात चित्रपटाचा हक्क प्रदर्शनानंतर ६० वर्षे टिकतो, म्हणजे ‘मिस्टर इंडिया’चा २०४७ अखेर. अमेरिकेत त्या काळच्या कॉमिक्सना ९५ वर्षे मिळतात. त्या हिशेबाने सुपरमॅनची पहिली कथा १ जानेवारी २०३४ ला खुली होईल, बॅटमॅनची २०३५ ला आणि स्पायडर-मॅनची २०५८ ला. खुली होईल ती फक्त त्या पहिल्या कथेतली रूपे. नंतरच्या चित्रपटांतले पोशाख, प्रसंग आणि साथीदार आपापली मुदत भरेपर्यंत त्यांच्या मालकांकडेच राहतील, आणि नावांवरचे ट्रेडमार्क तर वापरात असेपर्यंत चालूच राहतात.