औंधच्या संग्रहालयात आपण कुठे आहोत?

आधुनिक चित्रकलेचे संग्रहालय म्हटले की आपल्याकडचे तरुण मुंबईचे नाव घेतात. मुंबईत कावसजी जहांगीर सभागृहाच्या इमारतीत १९९६ पासून राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय आहे, हे खरे. पण सातारा-सांगलीच्या मुलामुलींना त्यासाठी मुंबई गाठायची गरज नाही. खटाव तालुक्यात औंध गावी, यमाईच्या डोंगराच्या उतारावर, श्री भवानी संग्रहालय आहे. देवीचा डोंगर म्हणून आपले कार्यकर्ते सहसा तिकडे फिरकत नाहीत. आमच्या मते तिकडे जायला हवे, आणि चित्रांसमोर उभे राहून काही प्रश्न विचारायला हवेत.

आधी हे संग्रहालय उभे कसे राहिले ते पाहू. औंध हे छोटे संस्थान होते. त्याची गावे सलग नव्हती. काही आजच्या सातारा जिल्ह्यात, काही विजापूरकडे, तर आटपाडी आणि कुंडल हा भाग आज सांगली जिल्ह्यात मोडतो. संस्थानिक बाळासाहेब पंतप्रतिनिधी (१८६८ ते १९५१) स्वतः चित्रकार होते. राजा रविवर्म्याची तैलचित्रे, धुरंधर, बाबूराव पेंटर, माधव सातवळेकर यांची कामे, युरोपातल्या जुन्या चित्रांच्या नकला, जुनी लघुचित्रे, हस्तिदंत आणि चंदनावरचे कोरीवकाम असा साठा त्यांनी जमवला आणि १९३८ साली त्यासाठी संग्रहालय बांधले. इंग्रज शिल्पकार हेन्री मूर याचे ‘माता आणि मूल’ हे दगडी शिल्पही इथे आहे. जगातल्या मोठमोठ्या संग्रहालयांत ज्याची शिल्पे असतात, त्याचे एक काम खटाव तालुक्यात!

इथे ‘आधुनिक’ आणि ‘समकालीन’ या दोन शब्दांतला फरक समजून घेऊ. ढोबळमानाने, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून पुढची शंभरेक वर्षे जी कला झाली तिला आधुनिक म्हणतात. जिवंत कलावंत आज जे करत आहेत ते समकालीन. १९३८ मध्ये धुरंधर हयात होते, बाबूराव पेंटर हयात होते, मूर तर अवघा चाळीस वर्षांचा होता. म्हणजे औंधच्या राजाने आपल्या काळातल्या माणसांची कामे घेतली होती. तेव्हाचे ते समकालीन संग्रहालयच म्हणायचे. पण संग्रहालय समकालीन राहते ते नवी खरेदी चालू असेपर्यंत. खरेदी थांबली की ते एका काळापाशी, एका माणसाच्या आवडीपाशी थांबते.

आणि मुद्दा या आवडीचाच आहे. चित्र भिंतीवर आपोआप येत नाही. कोणीतरी ते निवडतो, पैसे मोजतो, खाली पाटी लिहितो. समाजशास्त्रात आम्ही याला सांस्कृतिक सत्ता म्हणून शिकलो. राजाच्या आवडीत पुराणातले प्रसंग आले, देव आले, दरबार आला, सुंदर स्त्रिया आल्या. गावगाड्याच्या तळाशी असलेला माणूस त्यात येण्याचे काही कारण नव्हते.

औंधचा राजा त्या काळच्या मानाने उदार होता, हेही सांगितले पाहिजे. १९३९ च्या सुरुवातीला त्याने कायदा करून कारभार लोकांच्या हाती दिला. आटपाडीजवळ स्वतंत्रपूरची खुली वसाहत काढून कैद्यांना भिंतीशिवाय ठेवले. ‘दो आँखें बारह हाथ’ हा सिनेमा त्यावरूनच निघाला. पण त्याच आटपाडीत १९२१ साली शंकरराव खरात जन्मले. त्यांच्या ‘तराळ-अंतराळ’ या आत्मकथनाच्या नावातच ते काम आहे: गावाची हाकाटी, सरकारी निरोप, वेठ, मेलेली जनावरे ओढणे, आणि बदल्यात मागून आणलेली भाकरी. पुढे खरात मराठवाडा विद्यापीठाचे कुलगुरू झाले, साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. त्यांचे जग पुस्तकात आले, पण ज्या संस्थानात ते जन्मले त्याच्या चित्रसंग्रहात नाही.

दुसरे उदाहरण आणखी जवळचे आहे. १९०१ साली साताऱ्यात शिकणारे लहानगे भीमराव भावंडांबरोबर वडिलांकडे निघाले होते. वडील याच खटाव तालुक्यात दुष्काळी तलावाच्या कामावर खजिनदार होते. मसूर स्टेशनवर उतरल्यावर जात कळली आणि एकही गाडीवान तयार होईना. शेवटी दुप्पट भाडे देऊन मुलांनी स्वतः बैल हाकले, गाडीवान बाजूने चालला. रात्रभर पाणी मिळाले नाही. बाबासाहेबांनी हे स्वतः लिहून ठेवले आहे. ज्या तालुक्याकडे ती बैलगाडी चालली होती, तिथल्या संग्रहालयात तिचे चित्र का असू नये?

कोणी म्हणेल, आपला आणि चित्रकलेचा संबंध काय? संबंध मुळातलाच आहे. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतले विद्यार्थी १८७२ पासून जॉन ग्रिफिथ्सबरोबर वर्षानुवर्षे अजिंठ्यात बसून भिंतींवरच्या चित्रांच्या नकला करत होते. त्यातल्या बऱ्याच नकला पुढे १८८५ मध्ये लंडनमध्ये आगीत गेल्या. पण हात घडले ते बौद्ध भिक्षूंच्या विहारांतल्या चित्रांवर. बाळासाहेबांनीही १९३२ साली अजिंठ्यावर पुस्तक लिहिले. तेव्हा आधुनिक भारतीय चित्रकलेच्या दालनात आपण पाहुणे म्हणून शिरत नाही.

आज चित्रे काढणारेही आहेत. नागपूरचे सवी सावरकर गळ्यात मडके आणि कमरेला झाडू बांधलेला माणूस रंगवतात. मुंबईचे विक्रांत भिसे चळवळीचे प्रसंग कॅनव्हासवर आणतात. सुधारक ओलवे यांनी सफाई कामगारांचे आयुष्य छायाचित्रांत पकडले, २०१६ साली त्यांना पद्मश्री मिळाली. अशी कामे खासगी गॅलऱ्यांत आणि परदेशी प्रदर्शनांत दिसतात. आटपाडीच्या पोराला ती मोबाईलवर पाहावी लागतात.

औंधचे संग्रहालय आता राजाचे नाही. ते राज्य शासनाच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाकडे आहे, म्हणजे आपल्या कराच्या पैशावर चालते. गेल्या दहा वर्षांत तिथे किती नवी कामे घेतली, कोणाची घेतली, निवड कोण करते, हे माहितीच्या अधिकारात विचारता येते. एखादी खोली समकालीन कलेसाठी द्या, पहिले प्रदर्शन खरातांच्या आटपाडीवर करा, अशी लेखी मागणी करता येते. आमचा आग्रह एवढाच की मागणीआधी तिथे जाऊन यावे. साताऱ्यात प्रतापसिंह हायस्कूल पाहायला दरवर्षी ७ नोव्हेंबरला गाड्या भरून येतात. त्याच दिवशी दुपारी कोरेगावमार्गे औंधला पोचता येते. वही बरोबर ठेवावी, आणि प्रत्येक दालनात कोणाची चित्रे आहेत व कोणाची नाहीत, ते तारखेसह लिहून आणावे. अर्जाला तीच यादी जोडायची आहे.