रंगाआधी विश्वास हवा

लग्नसराई जवळ आली, की आंदर मावळातील टाकवे बुद्रुकच्या बाजूची मंडळी कान्हे फाट्यावरून वडगाव, तळेगावच्या बाजारपेठेकडे वळतात. कपडे-दागिन्यांच्या यादीत आता सलून आणि ब्युटी पार्लरचीही भर पडली आहे. मात्र केस रंगवण्याचा विषय निघाला, की अनेक ग्राहक ‘पुढच्या वेळी बघू’ म्हणून तो टाळतात. सवलतीचा फलक लावून हा संकोच जात नाही. कारण त्यामागे पैशाइतकीच भीतीही असते आणि ती अगदीच अनाठायी नाही, हे व्यावसायिकाने आधी मान्य करायला हवे.

कायमस्वरूपी रंगातील अमोनियासारखा अल्कधर्मी घटक केसाचे बाह्य आवरण सैल करतो. हायड्रोजन पेरॉक्साइडमुळे केसांचा मूळ रंग फिकट होतो आणि आत शिरलेले रंगाचे लहान रेणू जोडले जाऊन मोठे होतात. ते मग सहजी धुतले जात नाहीत. गडद रंगांत यासाठी बहुधा पॅरा-फिनिलिन-डायअमाइन म्हणजेच ‘पीपीडी’ वापरतात. काहींना त्याची ॲलर्जी असते. खाज, पुरळ, पापण्यांवर किंवा चेहऱ्यावर सूज ही तिची लक्षणे. ‘काळी मेंदी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या अनेक मिश्रणांतही पीपीडी असते. त्यामुळे ‘मी फक्त मेंदी लावते’ एवढ्या उत्तरावर समाधान मानू नये.

म्हणूनच औषधे व सौंदर्यप्रसाधने नियम, १९४५ मध्ये अशा रंगांच्या वेष्टनावर पूर्वचाचणीची सूचना इंग्रजीबरोबर स्थानिक भाषेतही छापण्याची अट आली. कानामागे किंवा हाताच्या आतील बाजूस तयार मिश्रणाचा ठिपका लावून किमान २४ तास वाट पाहायची. अनेक उत्पादक ४८ तास थांबायला सांगतात. ही चाचणी प्रत्येक वेळी करायची असते. भुवया व पापण्यांना हा रंग कधीच लावू नये. त्यामुळे दृष्टी जाण्याचा धोका असतो.

गावाकडून येणाऱ्याला यासाठी दोन खेपा कशा परवडणार? त्यावर सोपा उपाय आहे. केस कापायला आलेल्या ग्राहकाला तेव्हाच ठिपका लावून द्यावा आणि रंगासाठी पुढची तारीख ठरवावी. हळदीच्या आदल्या दिवशी प्रथमच रंग लावण्याचा आग्रह मात्र नम्रपणे नाकारावा.

ठिपक्याच्या जागी लाली वा खाज आली नाही, तरी सुरुवात मोजक्या बटांपासून किंवा काही धुण्यांनंतर उतरणाऱ्या रंगापासून करावी. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतात. म्हणजे मुळांशी पुन्हा रंग लावावा लागणार, हा खर्चही आधीच सांगावा. आज ‘तुम्हाला हा रंग नको’ असे स्पष्ट सांगणाऱ्या सलूनवर ग्राहकाचा विश्वास बसतो आणि उद्या शेजारणीलाही तो तिथेच पाठवतो.