काटा अर्ध्यावर, टाकी कोरडी

गेल्या कपाशी हंगामात रायचूर–सिंधनूर मार्गावर आमची जुनी डिझेल पिकअप भर दुपारी बंद पडली. इंधनमापकाचा काटा अर्ध्यावर होता. टाकी मात्र कोरडी ठणठणीत. मागे बर्फपेटीत गुलाबी बोंडअळीच्या नियंत्रणासाठी न्यायची ट्रायकोकार्डे होती. एका कार्डावर साधारण २०,००० परजीवीग्रस्त अंडी असतात आणि गारवा संपला की त्यांतून ट्रायकोग्रामा बाहेर पडू लागतात. डिझेल आणून ओतले, तरी इंधनवाहिनीत हवा शिरल्याने इंजिन सुरू होईना. एअर काढून शेतावर पोहोचेपर्यंत अंधार झाला, शेतकरी परतले होते. दुसऱ्या सकाळी पाहतो तो चिमुकले परजीवी पेटीतच बाहेर पडलेले.

या काट्याची तक्रार जुनीच होती. दोन महिन्यांपूर्वी एका मिस्त्रीच्या सल्ल्याने आम्ही डॅशबोर्डवरील मीटर नवा बसवला होता. नवा काटाही अर्ध्यावरच थांबला, तेव्हाच आम्ही सावध व्हायला हवे होते. कामगंध सापळ्यात एकही पतंग आढळला नाही, तर आम्ही शेत निर्धोक मानत नाही. आधी ल्यूर जुनी झाली आहे का, हे पाहतो. स्वतःच्या गाडीला मात्र हा न्याय लावला नाही.

जुन्या वाहनांतील ही यंत्रणा साधी असते. टाकीत एका दांडीला जोडलेला फ्लोट इंधनाबरोबर वर-खाली होतो. दांडीचे दुसरे टोक रोधपट्टीवर सरकते, त्यामुळे परिपथातील रोध बदलतो आणि त्यानुसार काटा हलतो. टाकीतल्या या भागाला गॅरेजमध्ये सेंडर म्हणतात. म्हणजे दोष चार ठिकाणी असू शकतो: मीटर, त्याचा वीजपुरवठा, वायर व अर्थिंग, किंवा सेंडर. नवा मीटर घेणे ही शेवटची पायरी असावी.

प्रथम तापमानाचा काटा पाहावा. अनेक जुन्या गाड्यांत दोन्ही काट्यांना एकाच स्थिरकारकातून वीज मिळते. दोन्ही चुकत असतील, तर संशय फ्यूज किंवा स्थिरकारकावर घ्यावा. आमचा तापमानाचा काटा नीट होता. मग सेंडरची वायर काढून किल्ली फिरवली. काटा एका टोकाला गेला. तीच वायर छोट्या बल्बमधून बॉडीला टेकवताच तो हळूहळू दुसऱ्या टोकाकडे सरकला. (वायर थेट टेकवल्यास काही मीटर बिघडू शकतात, म्हणून मध्ये बल्ब. जुने काटे सावकाश हलतात, तेव्हा अर्धा मिनिट धीर धरावा.) काटा दोन्हीकडे हलला, म्हणजे मीटर व वायर निर्दोष. पेट्रोल गाडीत मात्र ठिणगीचा धोका मोठा आहे. तिथे ही चाचणी जाणकाराकडूनच करून घ्यावी.

उरले सेंडर आणि त्याचे अर्थिंग. अर्थिंगचा गंजलेला स्क्रू घासून पाहिला, फरक पडला नाही. मल्टिमीटर लावून टाकीत २० लिटर डिझेल ओतले. रोध तसूभरही बदलला नाही. बॅटरी सोडवून सेंडर बाहेर काढला, तर दांडीच्या खिळीवर गंज व चिकट मळी साचून ती जागीच आवळली होती. कीटकशास्त्रज्ञ असल्याने माझा पहिला संशय वाहिनीत मातीचे घर करणाऱ्या गांधीलमाशीवर होता, हे कबूल करतो. ती बिचारी निर्दोष निघाली.

खिळी साफ केली, फ्लोट डिझेलमध्ये बुडवून तो तरंगतो याची खात्री केली (छिद्र पडलेला फ्लोट बुडतो आणि काटा कायम रिकामी टाकी दाखवतो), गॅस्केट बदलले. खर्च नव्या मीटरच्या दशांशही नव्हता.

टाकीचा आकार सगळीकडे सारखा नसल्याने काट्याचे अंतर आणि लिटर यांचे प्रमाणही सारखे राहत नाही. म्हणून समतल जागी पाच-पाच लिटर डिझेल ओतत आम्ही काट्याची जागा टिपली. ती नोंद आता डॅशबोर्डवर चिकटवली आहे: काटा अर्ध्यावर म्हणजे २४ लिटर, पावावर म्हणजे १०. चालक प्रत्येक भरणीला किलोमीटरही लिहितो आणि ट्रायकोकार्डे घेऊन निघायचे असेल, तेव्हा आदल्या संध्याकाळीच टाकी भरतो.