गाढीला विचारायचा प्रश्न

राज्य मंडळाच्या दहावीच्या भूगोलात 2018 पासून पहिलाच पाठ क्षेत्रभेटीचा आहे. नळदुर्गहून अलिबागला निघालेली मुले वाटेत काय काय पाहतात, ते त्यात वाचायला मिळते. पाठ चांगला आहे. अडचण परीक्षेची आहे. प्रश्नावली तयार करा, अहवाल लिहा, असे प्रश्न 40 गुणांच्या पेपरात येतात आणि त्यांची उत्तरे गाईडमधून पाठ करून, शाळेच्या फाटकाबाहेर पाऊल न टाकताही लिहिता येतात. शाळेने मुलांना बसने कुठे नेलेच, तरी त्याची सहल होते, कारण उत्तर शोधायला निघण्यापूर्वी हातात एक नेमका प्रश्न लागतो आणि तोच कुणी दिलेला नसतो.

पनवेलमध्ये असा प्रश्न शोधायला लांब जावे लागत नाही. रायगड जिल्ह्यात वर्षाला सुमारे 3000 मिलिमीटर पाऊस पडतो. माथेरानच्या डोंगरउतारावरून येणाऱ्या गाढी नदीवर देहरंगचे धरण आहे. तरीही उन्हाळ्यात पनवेलला पाणी का पुरत नाही? पाऊस, उतार, धरणातला गाळ, 2016 साली महापालिका झालेल्या शहराची वाढ, जीवन प्राधिकरण आणि एमआयडीसीकडून घ्यावे लागणारे पाणी, असा निम्मा अभ्यासक्रम या एका प्रश्नात येतो. जुने पनवेल, नवीन पनवेल आणि करंजाडे इथल्या घरांत जाऊन पाणी किती तास येते, टँकर कधी मागवावा लागतो, हे मुलांनी विचारावे आणि नकाशावर मांडावे. एकाच इमारतीतल्या दहा घरांना विचारले तर शहर कळत नाही, ही नमुना निवडीतली चूक पुस्तकातून समजावताना तास जातो. तक्ता भरताना ती मुलांच्या आपोआप ध्यानात येते. भूगोल शिकवण्याचा याहून खात्रीचा मार्ग मला दिसत नाही.

यावर पहिला आक्षेप सुरक्षिततेचा येतो आणि तो रास्त आहे. 26 जुलै 2005 चा पूर पनवेल विसरलेले नाही. म्हणून पावसाळ्यात मुलांना काठावर नेऊच नये. पाणीपुरवठ्याच्या पाहणीसाठी नदीत उतरावेही लागत नाही. दुसरा आक्षेप वेळेचा. दहावीचे वर्ष भरगच्च असते, मग ही पाहणी नववीच्या मार्चमध्ये, टंचाई जाणवू लागते तेव्हा करावी आणि तिचा अहवाल दहावीत लिहावा. तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे: कोण खरोखर गेले आणि कोणी उतरवून काढले, हे पेपर तपासणाऱ्याला कसे कळणार? त्याचे उत्तर प्रश्नपत्रिकेतच आहे. इंग्लंडमधल्या जीसीएसई परीक्षेसाठी विद्यार्थ्याला किमान दोन वेळा क्षेत्रकार्य करावे लागते, एकदा निसर्गाचे आणि एकदा मानवी व्यवहाराचे; शिवाय दुसऱ्याच कुणी केलेल्या पाहणीची माहिती समोर ठेवून तीत काय उणे आहे, हेही पेपरात विचारतात. ज्याने कधी दारोदार फिरून तक्ता भरला आहे त्याला ती उणीव चटकन दिसते. पाठांतर तिथे फारसे कामी येत नाही.

मंडळाने असा एक प्रश्न दरवर्षी घालावा. त्यासाठी पुस्तक बदलण्याचीही गरज नाही. तोवर पनवेलच्या शाळांनी वाट पाहू नये. येत्या मार्चमध्ये नववीच्या एका वर्गापासून सुरुवात करावी आणि मुलांनी जमवलेले तक्ते महापालिकेच्या पाणीपुरवठा विभागाकडेही पाठवावेत.