पटसंख्येच्या पलीकडे

शाळेची योग्यता पटसंख्येवरून ठरविण्याची आपली सवय जुनी आहे. पटावर मुले किती, हे सारेच विचारतात. ती कोणाची, हे क्वचितच विचारले जाते. उद्योगनगरीत हा दुसरा प्रश्नच अधिक मोलाचा आहे.

१९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली. पुढे कारखाने चाकणपर्यंत पसरले आणि कामगार वसाहतींमागोमाग शाळाही आल्या. परंतु बापाला नोकरी व घराला कायमचा पत्ता असणार, हे या शाळांनी गृहीत धरले. ज्यांना दोन्ही नव्हते, त्यांची मुले पटाबाहेर राहिली.

चिंचवडगावात गिरीश प्रभुणे यांनी २००६ साली सुरू केलेले पुनरुत्थान समरसता गुरुकुलम् अशा मुलांसाठी आहे. पुस्तकी अभ्यासाला तेथे हस्तकौशल्याची जोड दिली जाते. या निवासी शाळेचा पट शहरातील मोठ्या शाळांच्या मानाने लहानच. पण त्यावर पारध्यांसारख्या, १८७१ च्या कायद्यान्वये जन्मतः गुन्हेगार ठरविल्या गेलेल्या आणि तो कलंक कागदोपत्री १९५२ मध्ये पुसला गेलेल्या जमातींची मुले आहेत.

शुल्क माफ झाले म्हणजे शिक्षण फुकट झाले, असे नव्हे. पाल हलले की मूल हलते. धाकटे भावंड सांभाळणारे हात शाळेत गेले की आईची मजुरी बुडते. निवासी शाळा मुलाचा पोटापाण्याचा भार उचलते, म्हणून हा पट टिकतो. दुसरी अडचण कागदांची. जन्मदाखल्याअभावी प्रवेश नाकारता येत नाही, असे २००९ चा शिक्षणहक्क कायदा सांगतो. परंतु पुढील सवलतींसाठी जातीचा दाखला लागतो आणि त्यासाठी भटक्या-विमुक्तांना २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीच्या वास्तव्याचा माग काढावा लागतो. ज्यांचे आजोबा गावोगाव फिरले, त्यांनी तो काढावयाचा कोठे?

तथापि, स्वतंत्र शाळा हे अखेरचे उत्तर नव्हे. त्यासाठी लेकराला आईबापांपासून दूर राहावे लागते, आणि एका संस्थेने दार उघडले म्हणून इतरांना आपली दारे लावून घेण्याची मुभा मिळत नाही. पालिकेच्या व जिल्हा परिषदेच्या शाळांनी पालांवर आणि बांधकामांवर जाऊन मुले मोजली पाहिजेत, आणि हंगामी स्थलांतरातही त्यांचे नाव पटावर राखले पाहिजे. अशा मुलांसाठी वेगळ्या शाळेची गरज उरू नये, यातच या छोट्या शाळेचे खरे यश आहे.