खोकला छातीत नव्हता

आमच्या अहेरीत खोकला पंधरा दिवसांपुढे गेला की आधी थुंकी तपासतात. ते योग्यच आहे. क्षयाचा संशय आधी फिटलाच पाहिजे. माझी थुंकी दोनदा तपासली, छातीचा एक्स-रे काढला, काही निघाले नाही. साध्या सर्दीतापानंतर लागलेला खोकला मात्र चौदा महिने राहिला. वर्गात तीन वाक्ये सलग बोललो की घशात गवताची काडी फिरल्यासारखे होई आणि कोरडी उबळ येई. मिरचीची फोडणी, उदबत्ती, पहाटेचा गारवा, नुसते हसणे, काहीही पुरे. झोपेत मात्र उबळ क्वचितच. शाळेत माझा चहाचा कप वेगळा ठेवला जाऊ लागला. तपासणीचा कागद कोणाकोणाला दाखवत फिरणार?

त्या कपाने मला वाचायला लावले.

मेंदूतून निघून स्वरयंत्र, श्वासनलिका, फुप्फुसे, हृदय, जठर असा फिरत जाणारा एक मज्जातंतू आहे: व्हेगस. लॅटिनमध्ये या शब्दाचा अर्थच भटका. त्याची एक फांदी कानाच्या नळीतही जाते. कान कोरताना काहींना ठसका लागतो तो त्यामुळे. एकोणिसाव्या शतकातल्या फ्रीडरिश आर्नोल्ड या जर्मन शरीररचनाशास्त्रज्ञाचे नाव त्या फांदीला आहे. श्वासमार्गात काही शिरले की व्हेगस मेंदूला वर्दी देतो आणि आपण खोकतो. विषाणूच्या आजारानंतर कधी कधी हा पहारेकरी इतका हळवा होतो की वाऱ्याच्या झुळुकीलाही चोर समजतो. नागीण बरी होऊन फोड वाळले तरी जागा महिनोन्‌महिने जळत राहते, तसाच हा प्रकार. कफ नसतोच, मग कफाची औषधे काय करणार? मी किती बाटल्या संपवल्या ते सांगत नाही.

नागिणीच्या वेदनेवरची औषधेच इथे वापरून पाहिली गेली. ऑस्ट्रेलियात ६२ रुग्णांवर झालेला गॅबापेंटिनचा अभ्यास २०१२ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला. औषध चालू असताना खोकला कमी झाला. थांबवल्यावर फायदा ओसरला. गुंगी आणि चक्कर हे त्याचे त्रास, म्हणून मात्रा हळूहळू वाढवतात आणि डॉक्टरांच्या देखरेखीखालीच. काही ठिकाणी स्वरयंत्राच्या वरच्या मज्जातंतूजवळ भूल आणि स्टेरॉइडचे इंजेक्शन देतात. गेफापिक्संट हे खास खोकल्यासाठीचे नवे औषध जपानने २०२२ मध्ये मान्य केले, अमेरिकेने नाकारले; ते घेताना अनेकांच्या तोंडाची चव जाते. खोकला जाऊन वरणभाताची चव गेली तर सौदा बरा की वाईट, मला ठरवता आलेले नाही.

पण हे निदान सगळ्यात शेवटी करायचे. आधी क्षय, दमा, आम्लपित्त, नाकामागून घशात उतरणारा स्राव, तंबाखू, चुलीचा धूर आणि रक्तदाबाच्या गोळ्या तपासायच्या. रामिप्रिल, एनालाप्रिल या गोळ्यांनीही असाच कोरडा खोकला होतो आणि गोळी बदलली की बहुधा काही आठवड्यांत जातो.

मला औषधाइतकाच उपयोग झाला तो वाचा-उपचारांचा. त्यासाठी आलापल्लीमार्गे नागपूर गाठावे लागले, दिवस मोडून. शिकवले ते अगदी साधे: खवखव सुरू होताच घसा खाकरायचा नाही, पाण्याचा घोट घ्यायचा किंवा आवंढा गिळायचा, नाकाने श्वास घेऊन ओठांच्या चंबूतून सावकाश सोडायचा. पहिल्या आठवड्यात वेड्यासारखे वाटले. मुले विचारायची, "सर, फुंकर कशाला मारता?"

आता पूर्ण तास बोलता येते. फोडणीच्या वेळी अजून अंगणात जातो. कप अजून वेगळाच आहे; मीच आता त्याच्यावर नाव घातले आहे.